‘पळून गेली असेल’ हे कागदावर राहू देऊ नकोस

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून, ओळख पटेल असे तपशील काढून):

ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही मातंग समाजाचे. माझी मोठी बहीण आणि दाजी दरवर्षी ऊसतोडीला जातात. यंदा जानेवारीत सांगली जिल्ह्यातल्या फडावरून बहीण गायब झाली. पहाटे पाण्याला गेली ती कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परत आलीच नाही. टोळी नेणारा मुकादम म्हणाला, उचल (हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) बुडवून पळाली. पोलिसांनी मिसिंग घेतली आणि आईचा अंगठा घेतला. गावी आल्यावर मी तो कागद वाचला, तर त्यात लिहिलंय, ‘नवऱ्याशी भांडण झाल्याने रागाच्या भरात कोणास काही न सांगता निघून गेली.’ आई असं काही बोललीच नव्हती. बहिणीने मला आधी व्हॉट्सॲपवर आवाजात सांगितलं होतं की मुकादमाचा पुतण्या रात्री कोपीकडे येतो, दाजी पिऊन पडलेले असतात, मला भीती वाटते. घरची अब्रू जाईल म्हणून मी ते कुणाला ऐकवलं नाही. मुकादम आता तिच्या वाट्याची उचल मागतोय. चुलते म्हणतात, तो उचल सोडतो आणि वर पन्नास हजार देतो, मिटवून टाका. आई देवऋषाकडे फेऱ्या मारते. बहिणीची दोन लेकरं आमच्याकडे आहेत, मोठी आठ वर्षांची. गावात बायका म्हणतात, होतीच ती तशी. मला पाहायला आलेले लोकही हेच कानावर आल्यामुळे परत गेले. ताई, ती आहे की नाही हेच माहीत नाही. मग रडायचं कशाचं आणि लढायचं कशासाठी?

उत्तर:

बाई गं, लढायचं आधी. रडायला कुणाची परवानगी लागत नाही, ते चालूच राहील. पण लढायला मुदत आहे, आणि ती तुझ्या बाबतीत दसऱ्यापर्यंतची आहे. का ते सांगते.

तुझ्या बहिणीच्या टोळीतले बाकीचे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, आत्ता आपापल्या गावी आहेत. दसरा झाला की गाड्या भरतील, दिवाळीनंतर तीच माणसं कुणी कर्नाटकात, कुणी साताऱ्याकडे, कुणी दुसऱ्याच मुकादमाकडे पांगतील. त्या पहाटे शेजारच्या कोपीतल्या बाईने काय पाहिलं, आदल्या रात्री कुणाचा आवाज आला, पाणी कुठून आणायच्या, विहीर होती की कालवा, हे सांगणारी माणसं आज तुला एसटीच्या अंतरावर सापडतील. नोव्हेंबरात सापडणार नाहीत, आणि नवी उचल अंगावर घेतलेला माणूस मुकादमाविरुद्ध तोंड उघडणार नाही. म्हणून याच महिन्यात टोळीतल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि फोन एका वहीत उतरवून काढ. बोलायला तयार नसतील त्यांना गळ घालू नकोस, फक्त ‘पोलीस आले तर एवढंच सांगा, जे पाहिलं ते’ असं म्हण. आणि एकटी जाऊ नकोस. सोबत गावातलं कुणी जाणतं माणूस घे, शक्यतो बाईमाणूस.

आता त्या कागदाचं. मिसिंगची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. अठरा वर्षांवरची बाई हरवली की ठाण्यात एक नोंद होते, वर्णन इतर ठाण्यांना कळवलं जातं, आणि बहुतेक वेळा काम तिथेच थांबतं. लोकांना वाटतं, ‘केस केली आहे, पोलीस शोधतायत.’ केस झालेलीच नसते. कुणाचा जबाब नाही, फोनचं रेकॉर्ड मागवलेलं नाही, घटनास्थळाचा पंचनामा नाही. तुमच्या बाबतीत तर ‘रागाच्या भरात निघून गेली’ हे वाक्य आईच्या तोंडी घालून तपासाची गरजच संपवून टाकली आहे. हे वाक्य मी इतक्या जणींच्या कागदांवर वाचलंय की त्याचा शिक्का बनवून ठेवलेला असावा अशी शंका येते.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून अठरा वर्षांवरच्या १,७८,४०० स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद आहे. यातल्या पुष्कळ परत येतात, काही खरंच स्वतःच्या मर्जीने गेलेल्या असतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण एवढ्या ढिगात ज्यांच्यामागे वकील नाही, पुढारी नाही, शिकलेला भाऊ नाही, त्यांचा कागद सगळ्यात तळाशी जातो. त्या आकड्यांत जात सांगितलेली नाही. तळाशी कोण असतं ते तुला मी सांगायला नको.

तर करायचं असं. आईच्या किंवा तुझ्या नावाने नवीन लेखी तक्रार द्यायची. आधीच्या अंगठ्याने हात बांधले गेलेत असं समजू नकोस. ‘तो मजकूर मी सांगितलेला नाही, मला वाचून दाखवलेला नाही’ असं त्यात स्पष्ट लिहायचं आणि आईचा पुरवणी जबाब घ्या अशी मागणी करायची. तक्रारीत घटना तारीखवार लिही. कोणत्या कारखान्याची तोड, कोणाचा फड, कोण मुकादम, उचल किती, शेवटचा फोन कधी, आवाजी संदेश कोणत्या तारखेचे. पुतण्याचं नाव लिही, पण ‘त्याने मारलं’ असं लिहू नकोस. तुला ते माहीत नाही. ‘त्याच्यावर अपहरणाचा संशय आहे, त्याची कारणं अशी’ असं लिही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं आहे. सांगलीला जायचं भाडं नसेल तर तुमच्या तालुक्याच्या ठाण्यातही देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ‘हद्द आमची नाही’ या उत्तराला जागाच ठेवलेली नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा घेऊन तो तिकडे पाठवायचा असतो, आणि प्रत फुकट मिळते. नाहीच घेतला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हा क्रम मोडू नकोस, पावती नसली की अर्ज तिथेच अडतो. गुन्हा नोंदला गेला की नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे तक्रारदाराला कळवणंही त्याच संहितेने पोलिसांवर घातलं आहे. कुणी कळवत नाही. तू लेखी विचार.

मुकादमाचं कुटुंब अनुसूचित जाती-जमातीतलं नाही, असं तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या एका उल्लेखावरून दिसतं. म्हणून अट्रॉसिटीचं कलम पहिल्याच तक्रारीत मागायचं, नंतर नव्हे. खैरलांजी आठव. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातली आई, लेक आणि दोन मुलगे मारले गेले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. पण अट्रॉसिटी कायद्याची कलमं दोन्हीकडे टिकली नाहीत. आधीच्या वैरातून बदला घेतला, जातीवरून नव्हे, असं ठरलं. उभ्या महाराष्ट्राला दिसलेली जात निकालपत्रात शिरू शकली नाही.

त्यानंतर कायदा बदलला आहे, आणि ही गोष्ट तुझ्या गावातल्या वकिलालाही माहीत नसेल तर त्याच्यापुढे ठेव. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर गंभीर गुन्ह्यांत ‘जातीमुळेच केलं’ हे सिद्ध करावं लागत नाही. समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरतं. आणि कलम ८ सांगतं की आरोपी त्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबाला ओळखत असेल तर जात माहीत होती असं न्यायालय धरून चालेल, नाही हे त्याने सिद्ध करायचं. मुकादमाने तुमच्या दारात येऊन उचल दिली, आडनाव वहीत लिहून घेतलं, तिसऱ्या वर्षी त्याच टोळीत नेलं. हे सगळं तक्रारीत आलं पाहिजे. बहिणीचा जातीचा दाखला काढलेला नसेल तर वडिलांचा, तुझा जोड. या कायद्याखाली तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, तक्रार लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवूनच सही किंवा अंगठा घ्यायचा असतो, आणि हे जाणूनबुजून न करणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आहे. आईच्या अंगठ्याचं जे झालं ते दुसऱ्यांदा होणार नाही याची काळजी घ्यायला एवढं हाताशी ठेव. आरोपीच्या जामिनाच्या वेळी तुमचं म्हणणं ऐकून घेणं हाही तुमचा हक्क आहे, कलम १५-अ.

तो आवाजी संदेश. तू दाखवला नाहीस म्हणून स्वतःला कोसत बसली आहेस हे पत्रात ओळीओळीतून दिसतं. ते बाजूला ठेव, आत्ता त्याचा उपयोग नाही. उपयोग फोनचा आहे. तो फोन बदलू नकोस, विकू नकोस, रिसेट करू नकोस, व्हॉट्सॲप काढून परत टाकू नकोस. संदेश दुसऱ्याला फॉरवर्ड केलास तर ती नक्कल झाली, मूळ तुझ्याच फोनमध्ये राहिलं पाहिजे. न्यायालयात तो पुरावा द्यायला नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देईल. बहिणीच्या आणि त्या पुतण्याच्या नंबरचं कॉल रेकॉर्ड मागवा असंही तक्रारीत लिही. मोबाइल कंपन्या ते कायम ठेवत नाहीत, तेव्हा हीसुद्धा घाईची गोष्ट.

दाजी पितात, मारत होते, हे तू पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस. ते तक्रारीत ठळक लिही. आपली बाजू लंगडी पडेल असं वाटतं, पण पडत नाही. तू लपवलंस आणि समोरच्या वकिलाने काढलं तर मात्र पडते. आणि खरं सांगू का, संशय दाजींवरही घेतला जाईल, घेतला गेला पाहिजे. बहिणीची बाजू म्हणजे दाजींची बाजू नव्हे.

आता सगळ्यात कठीण काम. ते तू करणार आहेस, आईला पाठवू नकोस. बेवारस सापडलेल्या मृतदेहांची नोंद ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून होते, फोटो काढलेले असतात. जानेवारीपासून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, आणि हद्दीपलीकडे बेळगाव, विजयपूर या जिल्ह्यांतल्या अनोळखी स्त्री-मृतदेहांशी तिचं वर्णन जुळवून पाहा, अशी लेखी मागणी कर, आणि आईचा डीएनए नमुना घ्या असंही माग. मिसिंगच्या कागदावर तिचं वर्णन काय लिहिलंय पाहिलंस? ‘रंग सावळा, उंची पाच फूट, अंगात साडी.’ असं वर्णन मराठवाड्यातल्या अर्ध्या बायकांचं आहे. मनगटावर गोंदलेलं नाव, डाव्या नडगीवर कोयत्याचा वार, पुढचा तुटका दात, जोडव्यांचा नमुना, शिवलेल्या ब्लाउजला आतून शिंप्याची खूण असेल तर तीही, हे सगळं आईशी बसून लिहून काढ. फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापलेला देऊ नकोस, अलीकडचा दे, कामाच्या कपड्यांतला असला तरी चालेल. त्याच यादीत जिवंत असण्याच्या जागाही घाल. रत्नागिरी आणि येरवड्याची मनोरुग्णालयं, सरकारी महिला आधारगृहं, जिल्हा रुग्णालयं, आणि पोलिसांचा मानवी तस्करीविरोधी कक्ष. दोन्हीकडे शोधणं म्हणजे अपशकुन करणं नव्हे.

पोलीस हललेच नाहीत तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. सांगलीचं प्रकरण असल्यामुळे मुंबईला जायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. वकिलाला पैसे कुठून, असं विचारशील. बाई म्हणून आणि अनुसूचित जातीची म्हणूनही तुला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. अट्रॉसिटीसाठीची हेल्पलाइन १४५६६. मोफतचा वकील कधी ढिला निघतो, हेही खरं. तसं झालं तर बदलून मागता येतो, संकोच करू नकोस.

चुलत्यांना सांग, की अपहरण, खून, अट्रॉसिटी ही प्रकरणं दोन घरांनी बसून मिटवायची नसतात, कायद्याने मिटतच नाहीत. पन्नास हजार घेतले तर उद्या तेच पैसे तुमच्याविरुद्ध दाखवले जातील. आणि उचलीच्या वसुलीसाठी घरातल्या कुणाला धाक दाखवला, तू नाहीतर आई ‘अर्धा कोयता’ म्हणून चला असं म्हटलं, तर ते १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात येतं. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. देणं तो ज्या वहीत दाखवतो त्या वहीचा फोटो मिळाला तर काढून ठेव, ती टोळीत होती याचा तो पुरावाच आहे. चुलते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना पुढच्या हंगामात कुणाकडून तरी उचल घ्यायची आहे. पण त्यांच्या अडचणीचा भाव तुझ्या बहिणीने चुकवायचा नाही.

खून झाल्याचं पुढे निष्पन्न झालंच, तर अट्रॉसिटीच्या नियमांप्रमाणे कुटुंबाला सव्वाआठ लाख रुपये मदत आहे, निम्मी शवविच्छेदनानंतर, निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. शिवाय अवलंबितांना निवृत्तिवेतन आणि मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च. हे मी आत्ताच सांगते कारण त्या वेळी कुणीतरी ‘पैशासाठी केलं’ म्हणेल. म्हणू दे. ते लेकरांचं आहे. आज मात्र लेकरांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात दे, त्याला खटल्याची वाट पाहावी लागत नाही.

त्या आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही काय सांगितलंय? ‘आई कामाला गेली’ असंच ना? तिला रोज बाहेरच्या पोरांकडून दुसरं काहीतरी ऐकू येत असणार. तिला जवळ घेऊन सरळ सांग, ‘आई हरवली आहे. कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही. आम्ही शोधतोय. तू काही केल्यामुळे ती गेली नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नकोस, मुलं ते मनात धरून बसतात आणि विचारत नाहीत.

आईला देवऋषाकडे जाऊ नको म्हणून भांडू नकोस. तो ‘दक्षिणेला आहे, पाण्याजवळ’ म्हणतो तेव्हा निदान कुणीतरी तिच्या लेकीबद्दल बोलतंय एवढंच तिला हवं असतं. ठाण्यात तेवढंही कुणी बोलत नाही. फक्त कोंबडं-नारळाच्या पुढे पैसे जाऊ देऊ नकोस. तिचं जेवण तुटलंय, झोप नाही, हे मात्र अंगारे-धुपाऱ्यावर सोडू नकोस. तू नर्सिंगची, तुला कळतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात ने, नाहीतर टेलिमानसला १४४१६ वर फोन लाव, मराठीत बोलतात. मूठमाती देता आली नाही अशा माणसाचं दुःख वेगळं असतं, दहावं घालावं तर जिवंतपणी घातल्यासारखं वाटतं, नाही घालावं तर जीव अडकून राहतो. कुणी म्हणेल सात वर्षं थांबा. ती सात वर्षं कायद्याची आहेत, माणूस मेला असं धरायला, वारसाहक्कासाठी. घरातल्यांनी तिच्यासाठी काय करायचं ते तुम्हीच ठरवा. दहावं नको असेल तर नका घालू. तिच्या वाढदिवसाला टोळीतल्या बायकांना बोलावून जेवायला घाला आणि तिच्याबद्दल बोला, चांगलं-वाईट सगळं.

कॅनडात मूळनिवासी समाजांतल्या शेकडो बायका अशाच गायब झाल्या, मारल्या गेल्या. पोलिसांकडून ऐकायला मिळायचं तेही असंच, येईल परत, दारू प्यायची, तशीच होती. १९९२ पासून व्हँकूवरमध्ये दर वर्षी १४ फेब्रुवारीला घरचे लोक मोर्चा काढतात. सरकारला राष्ट्रीय चौकशी बसवायला २०१६ उजाडलं, आणि २०१९ च्या अहवालात २३१ मागण्या आल्या. त्यांतल्या कितीतरी अजून कागदावरच आहेत, म्हणून मी तुला गोड गोष्ट सांगत नाही. पण त्या चौकशीपुढे आया-बहिणींनी येऊन आपल्या बाईबद्दल तासन् तास सांगितलं, ती कशी हसायची, काय रांधायची, आणि ते सरकारी दप्तरात लिहिलं गेलं. तुझ्या बहिणीबद्दल सरकारी दप्तरात आज एकच वाक्य आहे आणि ते खोटं आहे.

‘होतीच ती तशी’ला उत्तर देत बसू नकोस. ती अगदी तशी असती तरी तिला शोधणं पोलिसांचं कामच होतं. आणि लग्नाचं म्हणशील तर, पाहायला आलेले लोक एका ऐकीव गोष्टीवर परत गेले, हे तुला कळलं ते बरंच झालं. आधी शेवटचं वर्ष पूर्ण कर. कमाई हातात असली की चुलत्यांचाही सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

तक्रारीचा मसुदा करून मला पाठव, नावं खोडून. मी वाचून देईन. मसुदा आईला मोठ्याने वाचून दाखव, तिला पटला नाही तर बदल, मगच अंगठा. आणि वहीत टोळीची पहिली पाच नावं या आठवड्यातच लिही.